नाव नाही, तर तोंड कशाला?

सोनोरी गावातल्या अंजिराच्या बागेत पोहोचले तेव्हा सहा वाजले होते आणि दोन पाट्या भरूनही झाल्या होत्या. अंजीर ऊन चढायच्या आत तोडावं लागतं. गेल्या वर्षीच्या मार्चमधली ही गोष्ट.

सासवडला माझा स्टुडिओ आहे. घर चालतं ते लग्नं, बारसं आणि पासपोर्ट फोटोंवर. तारीख नसेल त्या दिवशी मी स्टॉकसाठी, म्हणजे ऑनलाइन फोटो विकणाऱ्या साइटसाठी, फोटो काढते. आमच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण परदेशातल्या साइटवर भारतातलं अंजीर शोधलं की मला बहुतेक सुकलेल्या अंजिरांच्या माळाच दिसायच्या. झाडावरचं, पानावर ठेवलेलं, जांभळट झाक आलेलं ताजं अंजीर आणि ते तोडणारी माणसं दाखवावीत, असं बरेच दिवस मनात होतं.

बाग तात्यांची, पण तोडणीचा कारभार काकींचा. काकी सत्तरीच्या. अंगात तात्यांचा जुना फुल शर्ट, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. अंजिराचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत असतं आणि देठ तुटला की पांढरा चीक निघतो. तो चीक दिवसभर लागत राहिला की कातडं सोलवटतं. काकी फळाला चिमटीत धरून हलकीच मुरड देत, फळ हातात आलं की चीक शर्टाला पुसत आणि पाटीत अंथरलेल्या अंजिराच्याच पानांवर ते अलगद ठेवत. फळावर बोटाचा डाग उठता कामा नये, नाहीतर मार्केट यार्डात भाव पडतो. मी दीड तास त्यांच्या मागे मागे होते. एका फ्रेममध्ये त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. पानांतून आलेलं ऊन निम्म्या चेहऱ्यावर. वीस वर्षांत असे फोटो मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळालेत.

आता हा फोटो कुठं विकायचा, हा प्रश्न.

तोपर्यंत माझा हिशेब सरळ असायचा. एक्सक्लुझिव्ह करार, म्हणजे फक्त एकाच साइटला फोटो द्यायचा करार, केला नसेल तर एकच फोटो चार ठिकाणी ठेवता येतो, मग ठेवायचा. अडोबी स्टॉकवर फोटो विकला की त्या रकमेचे ३३ टक्के मिळतात. शटरस्टॉकवर जून २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, विक्री वाढेल तसं वर चढायचं आणि १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह नसाल तर १५ टक्के. अलामीवर ४० टक्के, पण वर्षाची विक्री २५० डॉलरच्या आत राहिली तर २०. नव्यानं सुरू करणारी मुलं मला हे आकडे विचारतात. मी सांगते, पण टक्के कशाचे तेही बघा, हे जोडून सांगते. महिन्याला शेकड्यानं फोटो उतरवून घेणारं पॅकेज ज्यानं घेतलंय, त्याला एक फोटो काही रुपयांत पडतो आणि आपला वाटा त्यातला. अलामीवर विक्री क्वचित होते, पण झाली की एका फोटोचे पैसे शंभर डाउनलोडच्या बरोबरीचे असू शकतात. आणखी एक काम पहिल्याच दिवशी उरका. अमेरिकी साइटवर डब्ल्यू-८बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा कराचा फॉर्म, पॅन नंबरासकट भरा. न भरल्यास तिथल्या ग्राहकांकडून आलेल्या रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जातो, भरल्यास भारताशी असलेल्या करारामुळे १५.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या सकाळी मला आठवत होता माझा मावसभाऊ.

त्याच्या आधीच्या वर्षी मी त्याचा एक फोटो एका साइटवर टाकला होता. बांधावर बसलेला, गुडघ्यावर हात, नजर लांब. प्रत्यक्षात तो पाण्याच्या पाळीची वाट बघत होता. मॉडेल रिलीजवर, म्हणजे आपला चेहरा वापरायच्या परवानगीच्या फॉर्मवर, त्यानं न वाचता सही केली, “ताई सांगतेय म्हणजे झालं” म्हणून. पाच महिन्यांनी त्याच्या सासुरवाडीहून फोन आला. कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपच्या जाहिरातीत त्याचा चेहरा होता आणि वर मोठ्या अक्षरात ‘कर्जात बुडालात?’ नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कुणी काळजीनं, कुणी चौकशीपुरते. तो मला एवढंच म्हणाला, “ताई, माझ्यावर एक रुपया कर्ज नाही गं.” मी साइटला लिहिलं. परवान्याच्या अटींत बसणारा वापर आहे, असं उत्तर आलं. फोटो मी काढून टाकला, पण जो एकदा विकला गेला तो गेला. एकदाच पैसे भरून फोटो पुन्हा पुन्हा वापरता येतो तो रॉयल्टी-फ्री परवाना, तो मागे घेता येत नाही. त्या डाउनलोडचे मला मिळालेले पैसे एका कटिंग चहालाही पुरले नसते. तो अजूनही माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, आणि तेच मला जड जातं.

म्हणून त्या दिवशी फोनवर रिलीजचा फॉर्म उघडला, पण सहीसाठी लगेच पुढे केला नाही. तोडणी उरकल्यावर घराच्या ओट्यावर बसले आणि इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठीत सांगायला लागले. साक्षीदाराचीही सही लागते, म्हणून सूनबाई शेजारी येऊन बसली.

“हा फोटो जगात कुणीही विकत घेऊ शकतो,” मी म्हटलं. “जाहिरातीत घालू शकतो. कुणी घेतला ते आपल्याला कळत नाही.”

तात्या म्हणाले, “मंजी साबनाच्या डब्यावर बी?”

“हो. खताच्या पिशवीवर, बँकेच्या बोर्डावर. तंबाखूला नाही, ते अटीत आहे.” मावसभावाची गोष्टही सांगितली. सांगणं भागच होतं.

तात्या गप्प झाले. काकी मात्र वेगळंच काही मनात घोळवत होत्या. बोटांच्या चिंध्या सोडता सोडता त्यांनी विचारलं, “नाव कुठं येतं?”

“कुणाचं?”

“माजं. फोटूखाली.”

मी म्हटलं, नाव येत नाही. ‘वृद्ध महिला, शेतकरी, भारत’ असं लिहायचं असतं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं.

काकींनी माझ्याकडे तसंच बघितलं, सकाळी फ्रेममध्ये बघितलं होतं तसं. “आगं पोरी, चाळीस वरसं ही झाडं मी राखलीत. उताऱ्यावर नाव ह्येंचं, पट्टीवर नाव ह्येंचं. आन आता तोंड माजं, आन नावच न्हाई? मग तोंड कशाला?”

उताऱ्यावर, म्हणजे सातबाऱ्यावर. पट्टी म्हणजे आडत्याची हिशेबपट्टी. ओट्यावर कुणीच काही बोललं नाही. तात्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

एवढी वर्षं मी समजत होते की माणसाला चेहरा उघड होण्याची भीती असते. काकींना ती अजिबात नव्हती. मी फॉर्म बंद केला.

मग त्यांना दुसरा रस्ता सांगितला. अलामीवर फोटो फक्त संपादकीय वापरासाठी ठेवता येतो. बातमी, लेख, पुस्तक यांतच तो जातो, जाहिरातीत नाही. त्यासाठी रिलीज लागत नाही, आणि खाली ओळ लिहिताना गाव, तारीख, माणूस कोण हे खरं लिहायचं असतं. वारीचे माझे बरेचसे फोटो तिथेच आहेत. अडोबीवर ही सोय नाही. तिथल्या संपादकीय विभागात ओळखू येणारा माणूस चालत नाही. अलामीवर कदाचित वर्षभर कुणी घेणार नाही, आणि पन्नास डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, हेही सांगितलं. फोटो विकला गेला तर निम्मे पैसे काकींचे, हे मी तिथल्या तिथे ठरवलं आणि बोलले. त्यावर काकी म्हणाल्या, पैशाचं ऱ्हाऊ दे, नाव नीट लिही.

फळांचे, पाटीचे, पानावरच्या चिकाच्या थेंबाचे फोटो मी अडोबी आणि शटरस्टॉक दोन्हीकडे टाकले. अंजिराला कुणाची परवानगी लागत नाही आणि ते कुठल्याही डब्यावर छापलं तरी कुणाला फोन येत नाही. काकींच्या नुसत्या हातांचा एक फोटो होता. चेहरा नसल्यामुळे नियमानं तो चालला असता. बराच वेळ पडद्यावर ठेवला. सोलवटलेलं कातडं, नखात काळा डाग. शेवटी तोही अलामीलाच नेला.

रात्री स्टुडिओत बसून ओळ लिहायला घेतली. अक्षरांना मर्यादा असते. आधी माझ्या सवयीप्रमाणे ‘पारंपरिक’, ‘ग्रामीण’, ‘हसतमुख’ असे शब्द आले होते. काकींना फोन लावला आणि नाव विचारलं. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, मग तात्यांचं, मग आडनाव. थोडं थांबून म्हणाल्या, “म्हायेरचं बी घाल, बसत आसंल तर.”

बसत नव्हतं. ‘पारंपरिक’ काढला, ‘हसतमुख’ काढला, ‘ग्रामीण’ काढला. तेव्हा बसलं.