फेहेरवारकडे जाणारी वाट

बुदापेश्तच्या देली स्थानकातून बालातोन सरोवराच्या उत्तर काठाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की, पाटीवर वाचलेली स्थानकांची नावे उद्घोषणेत चटकन ओळखू येत नाहीत. हंगेरियन रोमन लिपीत लिहिली जात असली तरी तिच्यात ‘एस’चा उच्चार ‘श’ आणि ‘एस-झेड’ या जोडीचा ‘स’ असा होतो. शिवाय शब्दाचा आघात न चुकता पहिल्या अक्षरावर पडत असल्यामुळे बोलण्याला एक ठाम ठेका येतो.

समोर बसलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंचे माहेर रुमानियातील क्लूजचे, पण त्या शहराला त्या आवर्जून कोलोझ्वारच म्हणत होत्या. 1920च्या त्रियानोनच्या तहाने जुन्या हंगेरी राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला आणि लाखो हंगेरियन भाषक जागच्या जागी परदेशस्थ झाले. एकट्या रुमानियात आजही त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. कोलोझ्वारला राहणाऱ्या भावाविषयी इंग्रजीत सांगताना बाई मधूनच त्याला ‘शी’ म्हणत, कारण हंगेरियनमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ यांना सर्वनाम एकच. खुर्चीला स्त्रीलिंगी आणि टेबलाला नपुंसकलिंगी ठरवणाऱ्या आपल्याला हे भलतेच सुटसुटीत वाटते.

मी भारतातला आहे हे कळताच त्यांनी कोरोशी चोमा शान्दोर यांचे नाव काढले. (आडनाव आधी, ही तिथली रीत.) ट्रान्सिल्व्हानियातला हा विद्वान हंगेरियनांचे मूळ स्थान शोधायला आशियात निघाला, लडाख-झंस्कारच्या मठांत राहून तिबेटी शिकला, 1834 मध्ये कोलकात्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापला गेला आणि 1842 मध्ये दार्जिलिंगला त्याचे निधन झाले. हंगेरियनच्या सर्वांत जवळच्या भाषा, खांती आणि मान्सी, या मात्र पश्चिम सायबेरियात बोलल्या जातात. तरीही बाईंच्या स्वरात चोमाविषयी आदरच होता, आणि तो मला रास्त वाटला.

हंगेरियनला जगातली सर्वांत अवघड भाषा म्हणण्याची एक फॅशन आहे. ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझबान’ म्हणजे घरात. शब्दाला मागून प्रत्यय लावण्याची ही पद्धत मराठी माणसाला मुळीच परकी नाही. खरी कसोटी क्रियापदात लागते. कोणतेतरी एक घर पाहतो असे म्हणायचे असेल तर ‘लातोक’, अमुक तेच घर पाहतो म्हणायचे असेल तर ‘लातोम’; म्हणजे कर्म निश्चित आहे की अनिश्चित, याचा निकाल तोंडून क्रियापद बाहेर पडण्यापूर्वीच लावावा लागतो. बाईंनी हे खिडकीबाहेरची घरे एकेक दाखवून समजावले, तोवर सेकेशफेहेरवार आले.

मध्ययुगात हंगेरीच्या राजांचा राज्याभिषेक होत असे ते हे गाव. राजा पहिला आंद्राश याने 1055 मध्ये तिहान्यच्या मठाला दिलेल्या लॅटिन सनदेत जमिनींच्या सीमा सांगताना लेखनिकाने काही हंगेरियन शब्द तसेच ठेवले. त्यांतले ‘फेहेरवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’, म्हणजे ‘फेहेरवारकडे जाणाऱ्या लष्करी वाटेवर’, हे शब्द हंगेरियनच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांत मोडतात. त्यातला सुटा ‘रेआ’ पुढे झिजून ‘रा’ किंवा ‘रे’ झाला आणि नामाला कायमचा चिकटला. प्रत्यय कसा घडतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारा मजकूर क्वचितच सापडतो.

बालातोनफ्युरेदला उतरून बसने तिहान्य गाठता येते. द्वीपकल्पाच्या टेकडीवर मठाचे चर्च आहे आणि त्याखालच्या तळघरात आंद्राश राजाची साधी दगडी समाधी. मूळ सनद मात्र इथे नाही. ती दूर पन्नोनहाल्माच्या बेनेडिक्टाइन मठात जतन केलेली आहे, तेव्हा केवळ तिच्यासाठी येणाऱ्याने आपला मार्ग आधीच त्या बाजूला वळवावा.