लिंक मोकळी, तरी डेटा पोचेना

हवामानाच्या अभ्यासासाठी जमवलेली उपग्रहचित्रं, एकूण ६० टीबी, दुसऱ्या खंडातल्या डेटा सेंटरमध्ये हलवायची होती. मधे १० जीबीपीएसची (सेकंदाला १० गिगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट) लिंक, जवळजवळ मोकळी. भागाकार केला: ४८,००० सेकंद, म्हणजे १३ तास २० मिनिटं. अडीअडचणी धरून मी तीन दिवस कबूल केले आणि शुक्रवारी रात्री एसएसएचवरून (दोन सर्व्हरमधली सुरक्षित जोडणी) आरसिंक (फाइल कॉपी करणारं सॉफ्टवेअर) लावून दिलं.

सकाळी वेग होता सेकंदाला १० एमबी. या चालीने ६९ दिवस लागले असते.

आधी डिस्कवर संशय घेतला, पण दोन्हीकडच्या डिस्क निवांत होत्या. नेटवर्कच्या माणसांनी ग्राफ पाहून सांगितलं, लिंक एक टक्काही भरत नाहीये. मग पिंग केलं, म्हणजे एक छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. जाऊन येऊन २०० मिलीसेकंद. सगळं तिथेच अडलं होतं.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. १०,००० किलोमीटरवर जाऊन परत यायलाच १०० मिलीसेकंद लागतात, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. पाठवणारा ठरावीक डेटा पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. १० जीबीपीएसची लिंक २०० मिलीसेकंदांवर भरलेली ठेवायची तर कोणत्याही क्षणी २५० एमबी वाटेत असायला हवा. इंटरनेटवर डेटा पोचवण्याचे नियम म्हणजे टीसीपी; त्याच्या मूळ रचनेत वाटेत असू शकणाऱ्या डेटाची ही मर्यादा, म्हणजे विंडो, ६५,५३५ बाइट होती. १९९२ च्या आरएफसी १३२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातल्या विंडो स्केलिंगने ती १ जीबीच्या आसपास गेली.

म्हणून मी दोन्ही सर्व्हरवर टीसीपीचे बफर (वाटेतला डेटा धरून ठेवणारी मेमरी) वाढवले. वेग तसूभरही हलला नाही. या पायरीवर माझा अख्खा शनिवार गेला, म्हणून नीट लिहून ठेवतो: एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर, ओपनएसएसएच, टीसीपीच्या वर स्वतःची वेगळी विंडो चालवतं, आणि ती २ एमबीची असते. २ एमबी भागिले ०.२ सेकंद, म्हणजे बरोबर १० एमबी! खालचा बफर कितीही वाढवला तरी वरची विंडो डेटा अडवून धरणारच.

मग फोल्डर वाटून एकाच वेळी ३२ आरसिंक चालवली. वेग सेकंदाला ३२० एमबीपर्यंत गेला. याचा आणखी एक फायदा असा की एखादं पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं तर त्या एकाच जोडणीचा वेग पडतो, बाकीच्या ३१ चालू राहतात. लाखो बारक्या मेटाडेटा फाइल मात्र तरीही रखडत होत्या, त्या टारमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या फाइलमध्ये, बांधून पाठवल्या.

सगळं पोचलं मंगळवारी दुपारी. कबूल केलेल्या दिवसापेक्षा उशिरा, पण मला घाई नव्हती ती जुनी प्रत पुसायची. ही चित्रं पुन्हा काढता येत नाहीत. २० वर्षांपूर्वीचा ढग परत येत नाही. दोन्हीकडे प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठसा) काढून ताडून पाहिला. एक फाइल जुळेना. कॉपी चालू असतानाच एक जुनी स्क्रिप्ट तिच्यात लिहीत होती. स्क्रिप्ट बंद केली, फाइल पुन्हा पाठवली, पुन्हा ताडली. जुळली. जुनी प्रत मी त्यानंतरही महिनाभर ठेवली.