हात कोणाचा?

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेच्या वाटेने पायी चढलं, की माथ्यावर पोहोचण्याआधी अखंड खडकातून कोरलेलं चतुर्भुजाचं लहानसं देऊळ लागतं. आतल्या भिंतीवर विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि देवाला रोज ५० माळा मिळाव्यात, अशी त्यात नोंद आहे. २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल, फक्त बारीक. कंबोडियात याहून जुनं, इ.स. ६८३ चं शून्य सापडलं आहे, तेही मी मुलांना आवर्जून सांगते. आपल्या गावाचा अभिमान खऱ्या गोष्टीवर उभा राहावा असं मला वाटतं.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानला आणि या वर्गांना दहा दिवस दप्तराविना द्यायला सांगितलं. त्यातला एक दिवस मी सातवीसाठी मागून घेतला. सोबत संस्कृतचे सर होते. तेही लश्करचेच, मराठी. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो तासांची अदलाबदल करण्यात. सहावीपासून मुलाचे वर्गशिक्षक जातात आणि चाळीस-चाळीस मिनिटांना नवा विषय, नवा चेहरा येतो. ज्या वयात पोर सगळ्यांत जास्त बदलतं, नेमकं त्याच वयात त्याला अख्खं ओळखणारं शाळेत कोणी उरत नाही. मला हे फार खुपतं.

सकाळी देवळात सरांनी टॉर्चच्या उजेडात लेख दाखवला आणि आकडे वाचून घेतले. एका मुलीच्या घरी हारांचं काम चालतं. तिने तिथेच सांगितलं, की उन्हाळ्यात रोज ५० माळांना फुलं पुरवणं सोपं नाही. मग आम्ही वर सपाटीवर गेलो. काम एवढंच होतं: ती बाग प्रत्यक्ष उभी करायची. खुणा करायच्या नाहीत, खोदायचं नाही. गटातली चार मुलं चार कोपरे होऊन उभी राहतील. माप हाताचं, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. प्रत्येक गटाने आपला हात निवडायचा, दहा हातांची सुतळी करायची आणि मोजत निघायचं. सुरुवातीचा कोपरा सगळ्यांचा एकच.

एका गटाने वर्गातला सगळ्यांत लहानखुरा मुलगा पुढे केला. कारण उघड होतं, हात लहान म्हणजे चालणं कमी. दुसऱ्या गटाला वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी हवी होती. ही मुलगी वर्षभरात एकदम वाढली आहे. बाकावर खांदे पाडून बसते, प्रार्थनेला मागे उभी राहते, कुडत्याच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेते. ती नाही म्हणाली. मैत्रिणींनी आग्रह केला तरी नाहीच. मी मध्ये पडले नाही. या वयात बाईंनी सगळ्यांसमोर समजूत घातली की संकोच दुप्पट होतो. थोड्या वेळाने शेजारच्या गटाची सुतळी तयार झालेली दिसली आणि तिने स्वतःच बाही कोपरापर्यंत सरकवून हात जमिनीवर टेकवला. ४४ सेंटीमीटर भरला. लहानखुऱ्या मुलाचा ३७.

एका कोपऱ्यातून निघालेल्या बागा एकीत एक अशा उभ्या राहिल्या. लहान हाताची बाग साधारण १०० मीटर लांब आणि ६९ मीटर रुंद. मोठ्या हाताची जवळजवळ ११९ मीटर लांब आणि ८२ मीटर रुंद. क्षेत्रफळ काढलं तर पहिलीचं सुमारे ६,९०० चौरस मीटर, दुसरीचं सुमारे ९,८००. मुलांचा विश्वासच बसेना. सुतळ्या पुन्हा मोजल्या, गुणाकार तपासले, एकमेकांवर लबाडीचे आरोप झाले. फरक सात सेंटीमीटरचा आणि जमीन जवळजवळ दीडपट कशी? तेव्हा एका मुलीने मातीत चौकोन काढून दाखवलं, की लांबी वाढली तशी रुंदीही वाढली, म्हणजे वाढ दोनदा लागली. हे मी फळ्यावर कितीदा तरी शिकवलं आहे. भांडण मिटवायला एकीने दुसऱ्यांना समजावल्यावर ते ज्या झपाट्याने वर्गभर पोहोचलं, तसं फळ्यावरून कधी पोहोचलं नाही.

खरी बाग कोणाची, यावर मात्र एकमत होईना. तो लहानखुरा मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मॅडम, दान देना हो तो लंबा हाथ भेजो, लगान लेना हो तो छोटा." क्षणभर कोणाला समजलं नाही. मग त्याने समजावलं. लहान हाताने मोजलं की त्याच शेतात जास्त हात भरतात आणि कर वाढतो. तेरा वर्षांच्या मुलाने मोजमापातला अन्याय कोणाचीही मदत न घेता पकडला होता. लगेच दोघा-तिघांनी विचारलं, मग त्या काळी भांडणं कशी मिटायची? कोणाचा हात धरायचे?

मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अहो, सकाळी एक शब्द मी मुद्दाम गाळला होता. विचारतील तेव्हाच सांगू म्हटलं." लेखात लांबी देताना नुसता हात लिहिलेला नाही, राजाच्या मापाचा हात लिहिला आहे. हे ऐकताच मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी त्या मुलाकडे वळली. लाजून त्याचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही.

प्रमाणित एकक का लागतं, हा धडा मुलं आधीच शिकून आलेली असतात. सेंटीमीटरचं मीटर, मीटरचं किलोमीटर सगळं पाठ असतं. पण त्यामागे तंटा आहे, विश्वास आहे, सत्ता आहे, हे अकरा ते चौदाच्या वयातच समजतं, कारण "हे न्याय्य आहे का" हा प्रश्न या वयात मुलांना खरोखर छळायला लागतो. घरी, मैदानावर, मित्रांत मुलं तो सतत विचारतात. गणिताच्या तासाला विचारायला जागा नसते. मधल्या वर्गांचा अभ्यासक्रम या प्रश्नाभोवती रचता येतो, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी विषय काही तासांपुरते जोडावे लागतात. भूमिती, संस्कृत आणि इतिहास त्या दिवशी वेगळे काढताच आले नसते.

परतल्यावर शिक्षकांच्या खोलीत कोर्स मागे पडेल, आठवीची परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते, असे आक्षेप आले. ते खोटे नाहीत. सरांनी आणि मी मिळून शनिवारचे दोन सलग तास मागितले, आणि ते मिळाले. अर्धवार्षिक परीक्षेत मी एका शेताची लांबी-रुंदी हातांत देऊन चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ विचारलं. हाताची लांबी दिली नव्हती. बऱ्याच मुलांनी लिहिलं, "आधी हात कोणाचा ते सांगा", आणि काहींनी दोन वेगवेगळे हात धरून दोन उत्तरं काढली. दोन्हींना मी पूर्ण गुण दिले.