जोडीने गाणारे किन्नर

आपल्या पुराणकथांत गाणाऱ्या जमाती दोन आहेत आणि महाराष्ट्राने त्यांपैकी एकीलाच डोक्यावर घेतले. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व झाले आणि विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलेल्या विद्यालयालाही गंधर्वांचेच नाव मिळाले. किन्नर मात्र देवयोनींच्या यादीत यक्ष आणि गंधर्व यांच्या सोबतीला नाव घेण्यापुरते उरले. गंधर्वांच्या गाण्याविषयी मला आदरच आहे. पण वनपर्वात चित्रसेन गंधर्व दुर्योधनाला बांधून नेतो, आदिपर्वात अंगारपर्ण गंगेच्या काठी पांडवांची वाट अडवतो आणि रामायणाच्या उत्तरकांडात भरताला गंधर्वांशी सात दिवस झुंजावे लागते, हे ध्यानात घेतले तर त्यांना शांतताप्रिय म्हणण्याचे धाडस होत नाही. संगीत आणि शांतता या दोन्ही गोष्टी ज्यांच्या स्वभावात आहेत, अशी कल्पित जमात शोधायची असेल तर किन्नरांकडेच जावे लागते. त्यांच्या रीतिरिवाजांविषयी जातककथांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, कालिदासाच्या काव्यांत आणि बौद्ध सूत्रांत जे विखुरलेले आहे, ते एकत्र ठेवून पाहावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

त्यांच्या रूपाविषयी ग्रंथांचे एकमत नाही. अमरकोश किन्नर आणि किंपुरुष एकच मानतो आणि त्यांना घोड्याच्या तोंडाचे म्हणतो, तर शिल्पकारांनी आणि चित्रकारांनी बहुतेक वेळा वरचे अंग माणसाचे आणि खालचे पक्ष्याचे, असे रूप पसंत केले. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या भोवतीच्या चित्रात जे वाद्य वाजवणारे किन्नर दिसतात, ते याच दुसऱ्या प्रकारचे आहेत. मला स्वतःला पक्षिरूप अधिक पटते, कारण गाणाऱ्याला घोड्याचे तोंड देण्यात कवींनी काय साधले हे मला कधी उमगलेले नाही.

त्यांचे राहणे हिमालयात, विशेषतः गंधमादन पर्वतावर. चंदकिन्नर जातकात त्यांच्या दिनक्रमाचे जे वर्णन आले आहे, ते एखाद्या निरीक्षकाने शेजारी बसून टिपून घेतल्यासारखे वाटते. पावसाळ्यात किन्नर पर्वत सोडत नाहीत; उन्हाळा आला की खाली उतरतात. चंद आणि त्याची पत्नी चंदा एका लहानशा नदीच्या काठाकाठाने येतात, अंगाला सुगंधी उटी लावतात, फुलांतला पराग खातात, फुलांचीच वस्त्रे लेतात, वेलींचे झोके करून झुलतात आणि गोड आवाजात गातात. शेती नाही, शिकार नाही, चूल नाही. उत्तरकांडातल्या, राजाची स्त्री झालेल्या इलेच्या कथेतही चंद्रपुत्र बुध तिच्या सख्यांना किंपुरुषी होऊन डोंगरावर राहायला सांगतो आणि मुळे, पाने व फळे हाच त्यांचा आहार ठरवून देतो. म्हणजे परंपरा वेगळ्या असल्या तरी या लोकांच्या अन्नासाठी कोणाचा जीव जाऊ नये, याबद्दल कथाकारांचे नकळत एकमत झालेले दिसते.

त्याच जातकात पुढे वाराणसीचा राजा शिकारीसाठी येतो, चंदेवर भाळतो आणि तिच्या नवऱ्याला बाण मारतो. तो तिला राणीपद देऊ करतो, तेव्हा ती हत्यार उचलत नाही, कारण तिच्यापाशी हत्यार नाहीच. ती त्याला धिक्कारते, शिखरावर निघून जाते, विलाप करते आणि जगाचे रक्षण करणारे देव आहेत तरी कोठे, असा जाब विचारते. त्या जाबाने शक्राचे, म्हणजे इंद्राचे, आसन तापते, तो ब्राह्मणाच्या वेषात खाली येतो आणि तिच्या नवऱ्याला जिवंत करतो. जाताना त्याने दिलेला उपदेश महत्त्वाचा आहे: पर्वतावरच राहा, माणसांच्या वाटेला जाऊ नका. किन्नरांच्या समाजात गुन्हे कोणते आणि शिक्षा कोणत्या, हे कोठेही सांगितलेले नाही. त्यांच्यावर येणारी संकटे बाहेरूनच येतात आणि ती आणणारा जवळजवळ नेहमी धनुष्य घेतलेला माणूस असतो.

जोडीने राहणे हा त्यांचा सर्वांत ठळक रिवाज आणि त्याविषयी भल्लाटिय जातकाइतके उत्तम दुसरे काही माझ्या वाचनात नाही. निखाऱ्यांवर भाजलेल्या हरणाच्या मांसाची इच्छा झालेला राजा भल्लाटिय कुत्री घेऊन हिमालयात शिरतो, तेव्हा त्याला ओढ्याकाठी एक किन्नरांची जोडी दिसते. दोघे एकमेकांना मिठी मारून रडत असतात. राजा कुत्र्यांना बांधून ठेवतो, शस्त्रे झाडाशी उभी करतो आणि हळूच जवळ जाऊन रडण्याचे कारण विचारतो. किन्नरी सांगते, की एकदा नवऱ्याच्या गळ्यात घालायला ती फुले वेचत राहिली आणि ती मागोमाग येतच आहे असे समजून तो नदी ओलांडून पलीकडे गेला. तेवढ्यात नदीला पूर आला. रात्रभर दोघे दोन काठांवर उभे राहिले. एकमेकांकडे पाहून कधी हसले, कधी रडले. सकाळी पाणी ओसरल्यावर पुन्हा भेटले. ही एका रात्रीची ताटातूट होऊन ६९७ वर्षे झाली होती आणि दोघे अजून तिच्यासाठी रडत होते. आयुष्य किती, असे राजाने विचारल्यावर उत्तर येते: एक हजार वर्षे, मध्ये आजार नाही, दुःख थोडे, सुख फार आणि शेवटपर्यंत प्रेम कमी होत नाही. राजा शिकार सोडून घरी परततो. राणी मल्लिका आणि राजा प्रसेनजित यांच्यात रुसवा झाला होता, तेव्हा बुद्धाने त्यांना ही कथा सांगितली, असे जातकाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. भांडलेल्या नवराबायकोला समजावण्यासाठी यापेक्षा सौम्य उपाय मला तरी सुचला नसता.

या जोडीच्या रिवाजाचा त्यांच्या गाण्याशी थेट संबंध आहे, असे माझे मत आहे. तक्कारिय जातकात एक पारधी किन्नरांची जोडी पकडून राजाकडे आणतो आणि ही दोघे फार गोड गातात असे सांगतो. पण दरबारात दोघे तोंडच उघडत नाहीत. चिडलेला राजा त्यांना शिजवून वाढायची आज्ञा देतो, तेव्हा किन्नरी बोलते: वाईट बोललेले लाख शब्द चांगल्या बोलाच्या एका अंशाचीही बरोबरी करत नाहीत आणि चुकीचे काही तोंडून जाईल या भीतीने आम्ही गप्प होतो. राजा खूश होऊन तिला मोकळे करतो आणि किन्नराला मात्र स्वयंपाकघरात पाठवायला सांगतो. यावर किन्नर म्हणतो, की आम्ही एकमेकांच्या आधारावर जगतो, एकाला सोडून दुसऱ्याला सुटका नाही. शेवटी राजा दोघांनाही हिमालयात पोचवतो. कैदेत आणि हुकमावर किन्नर गात नाहीत, आणि एकटे तर मुळीच गात नाहीत. दरबारी बिदागीवर जगलेल्या कलावंतांचा आपला इतिहास पाहिला, तर ही अट किती मोठी आहे हे कळते.

त्यांच्या गाण्याचे स्वरूप कालिदासाने सर्वांत बारकाईने पाहिले. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालय गुहांच्या तोंडून निघणारा वारा वेळूंच्या छिद्रांत भरतो, जणू उंच स्वरात गाऊ पाहणाऱ्या किन्नरांना आधाराचा स्वर द्यावा अशी त्याची इच्छा आहे. मैफिलीत तंबोऱ्यामागे बसलेल्या शिष्याचे काम येथे साक्षात पर्वत करतो. मेघदूतात हीच कल्पना पुढे नेली आहे: वाऱ्याने भरलेले वेळू बासरीसारखे वाजत आहेत, किन्नरी एकत्र येऊन शंकराच्या त्रिपुरविजयाचे गीत गात आहेत, आणि यक्ष मेघाला सांगतो, की तुझी गर्जना दऱ्यांमध्ये मृदंगासारखी घुमली तर पशुपतीपुढचे संगीत पूर्ण होईल. सुषिर, म्हणजे फुंकून वाजणारे, वाद्य आहे, गायन आहे, फक्त ताल कमी आहे आणि तो ढगाने भरून काढायचा आहे. किन्नरांच्या देशात निसर्ग हा श्रोता नसून साथीदार असतो, हे कालिदासाने इतक्या सहजपणे सांगितले आहे, की वाचताना ते सहज निसटून जाते.

बौद्ध परंपरेत किन्नरांचा राजा द्रुम हाच मोठा वादक आहे. त्याच्या नावाच्या महायान सूत्रात तो आपल्या परिवारासह बुद्धाच्या सभेत येतो आणि वैडूर्य रत्नाची वीणा वाजवू लागतो, तेव्हा झाडे, डोंगर आणि जमलेले श्रावक, म्हणजे बुद्धाचे शिष्य, डोलू लागतात. कठोर व्रतांसाठी प्रसिद्ध असलेला महाकाश्यपही आसनावर बसून राहू शकत नाही. एवढी तपश्चर्या करूनही लहान मुलासारखे नाचता काय, असे त्याला विचारले जाते, आणि मोठ्या वाऱ्यापुढे झाडांचे काही चालत नाही तसेच हे आहे, अशा आशयाचे उत्तर तो देतो. हे सूत्र दुसऱ्या शतकातच लोकक्षेमाने चिनी भाषेत नेले आणि पुढे कुमारजीवानेही त्याचे भाषांतर केले. सूत्रकारांनी या प्रसंगात संगीताला हीन ठरवले नाही, याचे मला विशेष वाटते. त्या वीणेच्या स्वरांतूनच धर्माचा उपदेश ऐकू येतो, असे ते सांगतात.

आता या सुंदर चित्रातला एक डाग सांगितलाच पाहिजे. सभापर्वात उत्तर दिग्विजयासाठी निघालेला अर्जुन द्रुमाच्या पुत्राने राखलेला किंपुरुषांचा देश जिंकतो आणि तेथे मोठी लढाई झाल्याचे व्यास सांगतात. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी धनुर्विद्या शिकला तोही गंधमादनावरच्या द्रुमाकडूनच. म्हणजे महाभारतकाराला निःशस्त्र किन्नरांची कल्पना एक तर ठाऊक नव्हती किंवा मानवली नाही. वीरांच्या काव्यात प्रत्येक देश जिंकण्यासाठीच असतो. रघुवंशात कालिदासाने हाच दिग्विजय वेगळ्या रीतीने लिहिला आहे. रघू हिमालयातल्या उत्सवसंकेत नावाच्या डोंगरी जमातींवर बाण चालवतो, पण किन्नरांच्या वाट्याला आल्यावर त्यांच्याकडून आपल्या बाहूंच्या विजयाची गाणी म्हणवून घेतो आणि पुढे जातो. जिंकणाऱ्याच्या गर्वाचा वास या श्लोकाला येतो, हे खरे. तरी किन्नरांशी लढण्यासारखे काही नाही, हे त्या राजालाही कळले, असे मी त्यातून घेतो.

द्रुमाची मुलगी मनोहरा हिची कथा या सर्व कथांत सर्वांत दूर गेली. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात ती सरोवरावर स्नानाला आलेली असताना पारध्याच्या पाशात सापडते, हस्तिनापूरचा राजपुत्र सुधन याच्याकडे येते, तो युद्धावर गेला असता पुरोहित तिचा बळी द्यायचे ठरवतो आणि ती आकाशमार्गाने माहेरी निघून जाते. सुधन तिला शोधत किन्नरांच्या नगरापर्यंत पोचतो आणि पाण्याच्या घागरीत टाकलेल्या अंगठीवरून ती त्याला ओळखते. जावयाची परीक्षा घेतल्यावर द्रुम लेकीला त्याच्यासोबत परत पाठवतो. सैन्य पाठवून सूड घेण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही. जावाच्या बोरोबुदूर स्तूपावर पहिल्या सज्जाच्या मुख्य भिंतीवर या कथेची वीस शिल्पे कोरलेली आहेत. दक्षिण थायलंडमध्ये मनोहरेच्या नावावरूनच ओळखले जाणारे नोरा हे नृत्यनाट्य आजही होते. मण्यांची वस्त्रे, पक्ष्याची शेपटी आणि लांब वळवलेली नखे असा नर्तकांचा वेष असतो. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. म्यानमारमध्ये तर किन्नर-किन्नरीची जोडी हे कया राज्याचे चिन्ह आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर किन्नर येथे वाद्याच्या रूपाने राहिले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात किन्नरी वीणेचे लघ्वी (लहान) आणि बृहती (मोठी) असे प्रकार वर्णिले आहेत. भोपळे लावलेली आणि दांडीवर पडदे बसवलेली ही वीणा देवगिरीत वाजत असे तेव्हा ऐकणाऱ्यांना भल्लाटियाची गोष्ट ठाऊक होती की नाही, कोण जाणे. तेलंगणात मात्र त्याच नावाचे किन्नेरा हे वाद्य लोकगायकांच्या हाती अजून टिकून आहे आणि बारा पायऱ्यांचा किन्नेरा वाजवणारे दर्शनम मोगिलय्या यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.