तुम्ही विचारलंत म्हणून: तांब्याच्या डोंगराची मालकीण

रशियातल्या उरल डोंगररांगेतल्या खाणींच्या गोष्टी सांगितल्या की कुणीतरी हमखास विचारतं, "ती हिरव्या कपड्यांतली बाई म्हणजे आपली हडळच ना? की साती आसरांतली एखादी?"

दोन्ही नाही. रशियन लोक तिला 'खझ्याइका' म्हणतात, म्हणजे चक्क मालकीण. घराला असते तशी डोंगराला.

डोंगर तांब्याचा. येकातेरिनबुर्गच्या नैर्ऋत्येला पोलेव्स्कोय आहे, तिथली गुम्योश्की ही खाण तांब्यासाठी आणि हिरव्यागार मॅलकाइटसाठी नावाजलेली. तिच्या अंगावर झगा असतो तो याच दगडाचा. तांब्याच्या खनिजाला पाणी आणि हवा लागून वरच्या थरात मॅलकाइट तयार होतं, त्यामुळे हिरवी रेघ दिसली की खाली तांबं असणार, हे खाणकामगाराला कळायचं. म्हणजे बाईचे कपडे हीच धातूची खूण. सरडे तिचे नोकर, आणि मनात आलं की ती स्वतःही सरडा होते, डोकं मात्र बाईचंच.

खाली उतरणारे लोक भूदास, म्हणजे मालकाशी बांधलेले वेठमजूर. जमिनीवर मालक वेगळा, त्याचा कारभारी वेगळा. भुयारात हिची सत्ता. एकदा ती स्तेपान नावाच्या कामगाराला निरोप देते: कारभाऱ्याला सांग, माझ्या डोंगरातून चालता हो. स्तेपान सांगतो. फटके कुणाला? स्तेपानलाच. वर त्याला साखळीने बांधून खाणीत टाकतात. मला या गोष्टीतला सगळ्यात खरा भाग हाच वाटतो. भुयारात मग तीच त्याला भरपूर माल काढून देते, लग्नाचंही विचारते. त्याचं नास्तास्याशी ठरलेलं, म्हणून तो नाही म्हणतो. ती रागावत नाही, उलट होणाऱ्या बायकोसाठी दागिन्यांची पेटी देते. पण स्तेपान पुढे कशातच रमत नाही. मरतो तेव्हा मुठीत हिरवे खडे असतात, काढायला जावं तर भुकटी.

पोलंडच्या कोळसाखाणींत राखणदार असतो तो स्कार्बनिक, पुरुष. इथे मात्र बाई, आणि तिच्यापुढे कारभाऱ्याचंही काही चालत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: हे लोकांचं की या गोष्टी लिहून काढणाऱ्या लेखक पावेल बाझोवचं? 1879 साली जन्मलेल्या बाझोवने पोरवयात दूमनाया टेकडीवरच्या ख्मेलिनिन नावाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडून या गोष्टी ऐकल्या आणि छापल्या त्या 1936 पासून पुढे. मधे चाळीसेक वर्षं गेली. सांगाडा कामगारांचा आणि संवाद बाझोवचे, असं माझं मत. भांडायला हरकत नाही.

ख्मेलिनिन संध्याकाळी पोरांना गोळा करून सांगायचा, तेव्हा गुम्योश्की बंद पडून पाण्याने भरली होती. कारभारी कधीच निघून गेला होता. पोलेव्स्कोयच्या नगरचिन्हावर सरडा अजून आहे.