तुमचा त्या जागेशी संबंध काय?

मंगळवार, रात्र

समोरच्या काँक्रीट प्लांटच्या जागेविषयी आज पालिकेत फोन केला होता. साहेबांचा स्वर उर्मट असता तर बरे झाले असते. निदान रागाच्या भरात दिवस निभावला असता. पण त्यांनी अत्यंत अदबीने, अर्जातला एखादा राहिलेला रकाना भरून घ्यावा तसे विचारले, "मॅडम, तुमचा त्या जागेशी संबंध काय?" आणि मला उत्तर सुचले नाही. मी समोर राहते, एवढेच म्हणाले. "ते ठीक आहे," असे म्हणून ते माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. पुढचे वाक्य माझ्याकडे नव्हते. आमचे हे असते तर त्यांनी फोन माझ्या हातून घेतला असता. पण ते राहू दे.

कागदोपत्री पाहिले तर साहेबांचे चुकत नाही. जमीन पालिकेची, मक्ता, म्हणजे भाडेपट्टा, एकाच्या नावावर, त्याने ती पोटभाड्याने दिली की कशी ते कोणी सांगत नाही, आणि आत उभा असलेला काँक्रीटचा प्लांट तिसऱ्याच कोणाचा. या साखळीत माझे नाव कुठेच येत नाही. पहाटे सिमेंटचा बल्कर, म्हणजे टँकर, येतो, हवेच्या दाबाने सिमेंट सायलोत, म्हणजे उंच टाकीत, चढवले जाते, आणि ती हवा बाहेर पडावी म्हणून वर जो फिल्टर बसवलेला असतो त्याच्या पिशव्या तुंबल्या किंवा फाटल्या असल्या की पांढरा लोट थेट आमच्या इमारतीवर येतो. जानेवारीत चेंबूरची हवा सकाळी उशिरापर्यंत जागची हलत नाही, त्यामुळे तो लोटही हलत नाही. हवेच्या मोजणीत चोवीस तासांची सरासरी धरतात आणि पीएम १०, म्हणजे हवेतले बारीक धूलिकण, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असा आपल्याकडचा निकष आहे. पहाटेचा तो अर्धा तास त्या सरासरीत कुठे जातो ते मला कळत नाही, पण आमच्या मन्याला श्वासाचा पंप लागतो तो नेमका तेव्हाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेनेच बांधकामांसाठी नियम काढले होते, की एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट आणि लहान जागेभोवती २५ फूट उंचीचे पत्रे लावावेत, पाणी फवारावे, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुवावीत. पलीकडच्या टॉवरवाल्यांनी ते पत्रे लावलेसुद्धा. आमच्या समोर माणसाच्या उंचीचे गंजके कुंपण आहे.

धुळीपेक्षाही मला त्या फाटकाची भीती अधिक वाटते. सहा घनमीटर काँक्रीट म्हणजे चौदा टनांच्या आसपास नुसता माल, त्यात गाडीचे वजन वेगळे. असा मिक्सर शाळेच्या वेळेला उलटा रस्त्यावर येतो आणि मागे हात दाखवायला कोणी उभा नसतो. ड्रम धुतलेले पाणी गटारात सोडतात, ते तळाशी दगडासारखे घट्ट होते, आणि मग जूनमध्ये गुडघाभर पाण्यातून जाताना आपण पावसाला नावे ठेवतो. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी होर्डिंग कोसळून सतरा माणसे गेली, त्यानंतर कितीतरी दिवस ती जागा कोणाच्या ताब्यात आणि परवानगी कोणाची याचीच चर्चा चालू होती. ती जागा पालिकेची नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरीही तेव्हा वाचलेले ते सगळे दुपारी पुन्हा आठवत राहिले. मरणाऱ्यांना कोणी त्या जागेशी संबंध विचारला नव्हता.

या वयात, एकटीने, फोन कानाला लावून दुसऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत बसायचे, आणि शेवटी आपण कोण हेच सिद्ध करायचे! मुलगा म्हणतो, पनवेलला चल. त्याविषयी आज लिहीत नाही.

मक्त्याची प्रत माहिती अधिकारात मागितली होती, तर उत्तर आले की ही माहिती त्रयस्थ पक्षाची असून त्यांची हरकत आहे. कलम ११ तसे आहे खरे: अधिकाऱ्याने त्याला पाच दिवसांत कळवायचे आणि त्याने दहा दिवसांत आपले म्हणणे मांडायचे. म्हणजे माझ्या घरात रोज येणाऱ्या धुळीच्या मालकाला सरकारी टपालाने विचारण्यात आले की या बाईंना सांगू का, आणि त्याने नको म्हटले. हे वाचले तेव्हा संताप आला होता. आज संध्याकाळी तोच कागद पुन्हा काढला तर हसू आले. फोनवर मी त्रयस्थ, कागदावर तो त्रयस्थ. मग पहिले दोघे आहेत तरी कोण?

आणि संबंधाचेच म्हणाल तर पहिला बल्कर कधी येतो, रात्रपाळीचा ऑपरेटर कोणती गाणी लावतो, वॉचमनचे भांडण कोणाशी चालू आहे, हे सगळे मला पाठ आहे. सून नीलाच्या माहेरच्या माणसांशीही माझा इतका नित्याचा संबंध नाही. खिडकीच्या गजांवर त्यांचे सिमेंट दवात भिजून पक्के बसले आहे. ते खरवडले तर मक्तेदाराच्या मालमत्तेला हात लावल्याचा ठपका येईल का, हेही एकदा साहेबांना विचारून घेतले पाहिजे. पालिकेचे काही मक्ते ९९ वर्षांचे आहेत, काही ९९९ वर्षांचे. महालक्ष्मी रेसकोर्सचा मक्ता २०१३ साली संपला आणि त्या जमिनीच्या वाटपाचा निर्णय व्हायला २०२४ उजाडले. तिथे तर सगळ्या शहराचे लक्ष होते. आमचा भूखंड कोणाच्या खिजगणतीत?

माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) मात्र मला फार आवडले. माहिती का हवी, हे अर्जदाराला विचारायचेच नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शिवाय कलम ११ मध्येच पुढे म्हटले आहे की व्यापारी गुपिते सोडली तर, जनहित मोठे ठरत असल्यास त्रयस्थाची हरकत असूनही माहिती देता येते. उत्तर पाठवणाऱ्यांनी ती ओळ गाळली होती, म्हणून मी अपिलात ती जशीच्या तशी उतरवली आहे. जोडपत्र भरून झाले. २० रुपयांचे कोर्ट फी तिकीट नीला उद्या कुर्ल्याहून आणणार आहे. "आई, दोन आणते," ती म्हणाली, "दुसऱ्या अपिलालाही लागेल." मी म्हटले, आण.