दर्शनी बाजू

नोव्हेंबर, शनिवार, रात्र

सेन्सेईंनी, माझ्या चहाच्या बाईंनी, माझा चावान फिरवला, मी केलेला चहाचा वाडगा. घडलं ते एवढंच. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखंही काही नाही. पण संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय आणि लिहून काढल्याशिवाय जाणार नाही.

आज रोबिराकी होती, चूल उघडण्याचा दिवस. मे महिन्यापासून वर मांडलेली शेगडी उचलली, तातामीच्या चटयांमधली खोलगट चूल उघडली, आता एप्रिलपर्यंत पाणी तिथेच तापणार. चहावाल्यांचं नवं वर्ष हेच. अझुकीची गरम गोड झेनझाई झाली, खोलीत कोळशाची ऊब होती, सगळ्याजणी ठेवणीतले किमोनो नेसून आलेल्या. आणि सेन्सेईंनी माझा काळा चावान काढला. आधी काही बोलल्या नव्हत्या. कापडातून तो बाहेर आला तेव्हा छातीत धडधडलं. माझ्या हातच्या भांड्यात, माझ्या सेन्सेई, वर्षाच्या पहिल्या दिवशी चहा करणार होत्या.

त्यांनी माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घातला, पाणी घातलं, चासेनने, बांबूच्या घुसळणीने, घुसळला. मग चावान तळहातावर घेतला, फिरवला आणि पुढे ठेवला. समोर सगळ्यात वयस्क आजी बसल्या होत्या. त्यांच्याकडे तोंड करून होता तो भट्टीतल्या सांडशीचा डाग.

माझी बाजू नाही. डागाची बाजू.

चावानाला एक दर्शनी बाजू असते. चहा करणारी ती पाहुण्याकडे करून ठेवते. पाहुणा चावान उचलतो, नमस्कार करतो आणि दोनदा फिरवून ती बाजू ओठांपासून दूर नेतो, तिला उष्टं करायचं नाही म्हणून. मग साडेतीन घोटांत चहा संपवायचा, काठ पुसायचा, उलटा फिरवून चावान पुन्हा सरळ करायचा, आणि कोपरं मांड्यांना टेकवून, चावान जमिनीपासून जेमतेम वर धरून नीट बघायचा. हे सगळं त्या एका बाजूभोवती चालतं.

आणि ती बाजू मी ठरवली होती. काम सुरू केल्यापासून ठरवलेली होती. मी शिकते त्या राकूच्या, क्योतोच्या राकू घराण्याच्या पद्धतीत चाक नसतं. मातीची चकती थापायची, कडा तळव्यांनी हळूहळू वर उचलायच्या, माती जरा आवळली की बांबूच्या पट्टीने आतून-बाहेरून तासत जायचं. त्या तासण्यात एका जागी हात असा काही बसला की तीन फटकारे एकाखाली एक, न थांबता उतरले. तेव्हाच म्हटलं, हेच मुख. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर चकाकणारा लेप, लावताना तिथे जरा जाड लावला. तो भट्टीत ओघळला आणि बुडाच्या अर्धा बोट वर येऊन थांबला. पडदा अर्धवट ओढून ठेवावा तसा. राकू घराण्याच्या तिसऱ्या पिढीतल्या दोन्यूच्या चावानांवर असे ओघळ प्रसिद्ध आहेत. मला ते मुद्दाम करायचं नव्हतं, आपोआप झालं, म्हणून तर जास्त आनंद झाला होता. बुडाला माझी खूण दाबली तीही त्याच रेषेत, म्हणजे बघणाऱ्याला कळावं.

सेन्सेईंनी बूड बघितलं नसेल असं होणारच नाही. कपाटातला प्रत्येक चावान त्या महिन्यातून एकदा तरी उलटा करून बघतात. खूण बघितली आणि तरीही फिरवला.

डाग कसा पडला तेही लिहून ठेवते. काळा राकू भट्टीतच निवू दिला तर काळा राहत नाही, तपकिरीकडे जातो. बाराशे अंशांच्या आसपास ग्लेझ वितळून चकाकायला लागला की लालभडक चावान सांडशीने धरून झटकन बाहेर ओढायचा. उघड्या हवेत तो डोळ्यांदेखत विझतो आणि काळा होतो. राकू घराण्यात अजूनही एकावेळी एकच काळा चावान भाजतात, कोळशावर, भात्याने वारा घालून. आमच्या मातीच्या सेन्सेईंकडे, मातीकाम शिकवतात त्यांच्याकडे, गॅसची भट्टी आहे, पण सांडशी तीच. ती मातीच्या सेन्सेईंच्या हातात होती, माझ्या नाही. पकड जिथे बसली तिथे ओला ग्लेझ दबला आणि बोटाच्या पेराएवढी खरखरीत, मळकट जागा राहिली. म्हणजे अख्ख्या चावानात जी एकच जागा माझ्या हातची नव्हे, नेमकी तीच समोर.

हे लिहिताना पुन्हा घशाशी आलं.

इतकी वर्षं क्योतोत काढल्यावर एक सवय लागते, कुणी काही बोललं नाही की त्याचा अर्थ लावत बसायची. "जपानी किती छान बोलता" हे अजूनही ऐकते. पुण्यात रानडेच्या त्या वर्गांमध्ये पाठ केलेली वाक्यं अजून कुणाला तरी छान वाटतात. आजही शेजारच्या आजींनी सेन्सेईंना विचारलं, चावान कुठल्या भट्टीचा? सेन्सेई म्हणाल्या, "आमच्यातल्याच एकीने केलाय." नाव नाही. मी तीन हातांवर बसले होते. आमच्यातली म्हणाल्या ते ऐकून बरं वाटलं की नाव घेतलं नाही म्हणून वाईट वाटलं, हे त्या क्षणी कळेना. व्हिसाच्या कागदांचं यंदा काय होतंय ते कळेपर्यंत "आमच्यातली" या शब्दावर मी फार भार टाकू नये. असो.

नावाचंच निघालं म्हणून. राकू संग्रहालयात एक सिंह आहे, छपरावर बसवायचा, कौलाच्या मातीचा. राकू घराण्याचा मूळपुरुष चोजिरो, त्याने १५७४ मध्ये केलेला. त्याच्या अंगावर साल आणि चोजिरोचं नाव कोरलेलं आहे. हाच चोजिरो पुढे चहाचा थोर गुरू सेन नो रिक्यू याच्यासाठी चावान करायला लागला आणि त्या चावानांवर शिक्का नाही, सही नाही, काही नाही. सिंहावर नाव आहे, चावानावर नाही. आधी तिथे उभं राहून मी हे माहिती म्हणून वाचलं होतं. आज ते बोचतंय. त्याला काय वाटलं असेल? छपरावरच्या सिंहाला शेपटीपर्यंत जीव लावणारा माणूस, त्याच्यापुढे कुणीतरी चहावाला येतो आणि म्हणतो, नक्षी नको, रंग नको, चाक नको, काठ सरळ नको. कामो नदीचे दगड दळून केलेला काळा ग्लेझ चढव. चोजिरो १५८९ मध्ये गेला. त्यानंतर दोन वर्षांनी तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने रिक्यूने पोट चिरून घेतलं. हिदेयोशीला काळा चावान आवडत नसे, असं हाकाताच्या एका व्यापाऱ्याच्या चहाच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे. इतक्या मोठ्या माणसाला न आवडलेला काळा आज मी करते, आणि एका बाजूवरून जेवण टाकते.

चोजिरोच्या चावानांना नावं आहेत, पण ती त्याने ठेवलेली नाहीत. किमामोरीची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. रिक्यूने शिष्यांपुढे चावान मांडले आणि म्हणाला, घ्या निवडून. सगळे गेले, एक लाल चावान उरला. पर्सिमॉनची फळं उतरवताना झाडावर एक मुद्दाम ठेवतात, झाडाची राखण म्हणून, त्याचं नाव याला मिळालं. म्हणजे कुणीही न निवडलेला, तोच सगळ्यांत मोठा झाला. १९२३ च्या भूकंपात तो फुटला. नंतर त्याचा एक तुकडा बसवून नवा केला. इथे दाइतोकुजी देवळाच्या आवारातल्या कोहोआनमध्ये किझाएमोन हा कोरियातला चावान आहे, राष्ट्रीय ठेवा. त्याला नाव ओसाकाच्या एका मालकाचं. ज्याने केला तो कोण, कुणालाच पत्ता नाही.

या सगळ्याने मला आज दिलासा मिळायला हवा होता. मिळाला नाही. मोठ्या लोकांच्या गोष्टी मोठ्यांच्या जागी. मी एक चावान केला आणि त्याची एक बाजू मला प्रिय होती, त्याचं काय?

(अकरा वाजले.)

मघाशी उठले आणि पाणी ठेवलं. निघताना सेन्सेईंनी चावान माझ्या हाती दिला होता, घरी वापर म्हणाल्या. राकूला वापर लागतो. माती पूर्ण पक्की भाजलेली नसते, पाणी थोडं थोडं मुरतं, हाताचं तेल लागतं, चावान बदलत जातो. लहानपणी आजीबरोबर माठ घ्यायला गेलं की ती टिचकी मारून खणखणीत वाजतो का बघायची. तिने या चावानाला टिचकी मारली असती तर घेतलाच नसता. भद्द वाजतो. पण त्या भुसभुशीत मातीमुळेच आतला गरम चहा बाहेर हाताला चटका देत नाही, फक्त हळूहळू ऊब येते. चीनी मातीच्या कपाला कान लागतो, याला लागत नाही.

ओट्यापाशी उभ्याने चहा करायचा नाही हे मला माहीत आहे, तरी तिथेच केला. २ ग्रॅम माच्चा, पाणी मोजलं नाही. मग स्वतःच पाहुणी झाले. डाग माझ्याकडे. सेन्सेईंनी ठेवला होता अगदी तसा. उचलला. उजव्या हाताने एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. डाग डावीकडे गेला. आणि उजवीकडे असलेली बाजू ओठांसमोर आली.

माझी बाजू. तीन फटकाऱ्यांची, ओघळाची.

नुसती समोर आली नाही. तिथे काठ खाली उतरलेला आहे. राकूचा काठ सरळ नसतो, त्याला चढउतार ठेवतात, डोंगरांची रेघ म्हणतात. ओघळ नीट दिसावा म्हणून त्या जागी मी अंगठ्याने काठ जरासा खाली घेतला होता. फक्त दिसण्यासाठी. ओठ नेमके त्या उतारात बसले. चहा न थांबता आला, शेवटचा फेसही आला. मग मी उलटं करून बघितलं. माझं मुख समोर ठेवलं, दोनदा फिरवलं, तर ओठांशी काठाचा उंचवटा आला. पिता येतं, येत नाही असं नाही. पण खालचा ओठ शोधत राहतो आणि चावान जास्त कलता करावा लागतो.

सेन्सेईंनी आधी त्यात स्वतः चहा पिऊन बघितला असणार. कित्येक दिवस चावान त्यांच्याकडे होता, तो कपाटात पडून थोडाच असेल? मला सुचलंच नाही हे.

आता आठवतंय, त्या आजी पिऊन झाल्यावर काहीतरी म्हणाल्या होत्या. मी डागाकडे बघत होते म्हणून अर्धवट ऐकलं. "ओठाला छान लागतो", असंच काहीसं होतं. आणि काठ पुसल्यावर त्यांचा अंगठा त्या उतारावर पुन्हा एकदा फिरला होता. ते मात्र मी स्पष्ट पाहिलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता इतकंच.

म्हणजे माझं मुख चुकलं का? मला अजूनही तसं वाटत नाही. बघायला तीच बाजू सुंदर आहे. मी पुन्हा निवडली तरी तीच निवडेन. पण सेन्सेईंनी चावान बघायला नाही, प्यायला लावला. डाग समोर ठेवला म्हणजे तो ओठांपासून दूर राहिला, त्याला कुणाचं उष्टं लागणार नाही. मी ज्याच्यावर जीव टाकला ते पाहुणीच्या ओठाला लागलं. मान कुणाला मिळाला आणि कामाला कोण आलं, हे आता मला नक्की सांगता येत नाही. आणि सांडशी माझ्या हातात नव्हती हे खरं, पण त्या पकडीशिवाय हा चावान काळा झाला नसता. मातीच्या सेन्सेईंनी त्या उन्हाळ्यात भट्टीच्या तोंडाशी उभं राहून तो ओढला. त्यांचंही काही आहे त्यात. ते मी मघापासून हिशेबातच धरलं नव्हतं.

तरी सांगता आलं असतं हो. एक वाक्य. "काठासाठी फिरवलाय." इतकंच म्हणाल्या असत्या तर माझी संध्याकाळ वाया गेली नसती. पण त्या सांगणार नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधीही कारण सांगितलेलं नाही, पाय कुठला आधी टाकायचा तेवढं सांगतात आणि का ते मला कधीतरी मग कळतं. ही त्यांची रीत मला जड जाते आणि ती मीच निवडलेली आहे.

खूण पुढच्या चावानालाही दाबणार, माझ्या मुखाच्या रेषेतच. ते मुख माझ्यापुरतं माझं राहील. वापरणारीने फिरवला तर फिरवला. फक्त मंगळवारी मातीच्या सेन्सेईंना विचारायचं आहे की काठाचा उतार मुखापासून पाव वळसा उजवीकडे घेतला तर बघणं आणि पिणं दोन्ही साधेल का. ते बहुतेक म्हणतील, आधी कर, मग बघू. माती भिजवून ठेवली आहे.